बांधाचा नारळ

दहिवली, तालुका कर्जत
१२ मार्च १९४५

राजमान्य राजेश्री धाकलू चांगो घरत, मुक्काम लोधिवली, यांस आबाजी राघो भोईर, निवृत्त मुख्याध्यापक, याचा रामराम.

४ मार्च रोजी कडाव येथील साखरपुड्याच्या पंगतीत आपण सायकलवाटेची जी हकीकत चारचौघांस सांगितलीत, ती मला तिघांकडून तीन प्रकारे कळली. तिन्ही प्रकार चुकीचे आहेत. आपण मुलीचे सासरे, मी मुलीचा बाप. आपल्यात वाद शोभत नाही हे मी जाणतो. परंतु असत्य त्याहून कमी शोभते.

आपण म्हणालात, मास्तराने गुरुवारी येऊन न विचारता माझ्या बांधावर मुरूम ओतला. मुरूम शनिवारी टाकला, ३ फेब्रुवारी रोजी. आपण त्या वेळी बांधावर उभे होता आणि तंबाखू मळत होता. आपण 'नको' म्हणाला नाहीत.

आपण म्हणालात, ही वाट मास्तराच्या हौसेची आहे. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही. चौक गावाकडची सर्व्हिस मोटार दोन वर्षे बंद आहे. म्हणून कर्जतच्या लोकांनी अंगमेहनतीने स्टेशन ते दहिवली आणि दहिवली ते कडाव अशा सायकलवाटा केल्या. आज त्यांवरून दूधवाला जातो, टपालवाला जातो, दवाखान्यातील नर्सबाई जाते. खालापूर तालुक्यातील गावे या वाटांस जोडावी असा सायकलवाट मंडळाचा ठराव आहे आणि मी मंडळाचा चिटणीस आहे. सात मैलांपैकी बाकी सारी वाट तयार आहे. उरला तो आपल्या भातखाचरांमधील तीनशे वीस हात बांध.

आपण असेही म्हणालात की मास्तराला आपल्या लेकीची सोय पाहायची आहे. हे सर्वस्वी खोटे आहे. वाट सार्वजनिक आहे. सौ. सुंदरा दहिवलीच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होती, लग्नानंतर तिला एक वर्षाची रजा मिळाली, ती रजा ११ जून रोजी संपते आणि त्या दिवशी सकाळी अकराच्या आत ती हजर न झाल्यास तिची जागा दुसऱ्या बाईंना जाईल, या गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांचा ठरावाशी संबंध नाही.

पावसाळ्यातही बांध खुला राहील असे आपण लेखी कळवावे.

कळावे.
आ. रा. भोईर


लोधिवली
२० मार्च १९४५

आबाजी मास्तर, दहिवली, यांस धाकलू चांगो घरत याचा रामराम. खालील मजकूर सांगितला तसा लिहिला आहे.

मास्तर, तुमचं पत्र तुमच्याच लेकीनं मला वाचून दाखवलं. मला अक्षर येत नाय ह्ये तुमाला ठावं हाय. तवा जे काय खोटंनाटं मला लिवाल, त्ये आदी तिच्या तोंडातनं निघतं, मंग माझ्या कानात पडतं. ह्याचा इचार करून लिवा.

शनिवार तर शनिवार. तंबाखूबी मळत व्हतो. पन मी काय बोललो त्ये तुमी गाळलंत. मी म्हनलो, "पेरनीपातूर चालू द्या." भात कापल्यावर शेत समद्या गावाचं असतं. कुनीबी गाडी घालावी, कुनीबी सायकल घालावी. पाऊस पडला की बांध मालकाचा. बांध म्हंजे आमचं धरन हाय, मास्तर. त्याला सायकलचं चाक लागून चर पडली, खेकड्यानं त्यात बीळ केलं, की वरच्या खाचराचं पानी एका रातीत खालच्या खाचरात. मंग लावनी कुठं करू, तुमच्या ठरावावर?

तरी मी नाय म्हनत नाय. आमच्याकडं रीत हाय. पावसात दुसऱ्याच्या बांधावरनं जायचं आसंल तर मृगाच्या आदी त्या बांधावर नारळ ठेवायचा. मालक फोडतो, अर्दी कवड ठेवतो, अर्दी परत देतो. झाली वाट. माझ्या बापानं कुनाला नाय म्हनलं नव्हतं, मीबी म्हनलं नाय. मोजनीवाल्या सायबाच्या शिपायानं ठेवला, चौकातल्या खलील सायकलवाल्यानं ठेवला. तुमाला काय शिंगं हायेत?

एक नारळ घेऊन या. सोनाबाई म्हनते, जेवूनच जा.

आनि तुमच्या पत्राच्या शेवटाला 'लोभ असावा' लिवायचं ऱ्हायलं का सोडलंत?

धाकलू चांगो घरत, अंगठा.
(सांगितले तसे लिहिले. सुं.)


दहिवली
२ एप्रिल १९४५

रा. रा. धाकलू चांगो घरत यांस,

आपले पत्र पावले. लेखन शुद्ध आहे. त्याचे श्रेय सांगणाराकडे जात नाही.

'लोभ असावा' हे शब्द मी विसरलो नाही. पत्रात असत्य लिहू नये, एवढेच पाळले.

नारळाविषयी. आमच्या परसात माडाची दोन झाडे आहेत. नारळाची मला वाण नाही. सौ. आनंदीबाई तर मला रोज ऐकवतात, "अहो, एक नारळच तर मागतायत! मी सोलून ठेवलाय, पिशवीत घाला नि या जाऊन." त्यांना मी सांगितले ते आपणांसही सांगतो. कर्जतच्या वाटांवरून जाताना कोणी कोणास नारळ देत नाही. जे दरसाल मागावे लागते तो हक्क नव्हे, ती भीक होय. मी आज नारळ ठेवला तर वाट आपल्या मर्जीची आहे असे मंडळाच्या चिटणिसाने कबूल केले, असा त्याचा अर्थ होतो. पुढील वर्षी आपणांस खोकला आला आणि आपण नारळ फोडला नाहीत, तर सात मैलांची वाट आणि तिला जोडलेली पाच गावे आपल्या खोकल्यावर अवलंबून राहणार काय?

चाकाने चर पडते हे मान्य. मंडळ बांध चार हात रुंद करून दगडाने बांधून देईल. पण ते हक्क म्हणून. उपकार म्हणून नव्हे.

उत्तर सुस्पष्ट असावे.

कळावे.
आ. रा. भोईर


लोधिवली
१८ एप्रिल १९४५

आबाजी मास्तर यांस धाकलू चांगो घरत याचा रामराम. खालील मजकूर सांगितला तसा लिहिला आहे.

चार हात बांध! दोन्ही बाजूंनी एकेक हात माझं भात खाऊन तुमी मला दगड देनार. वर म्हनता, उपकार नव्हं. खरं हाय, ह्याला उपकार कोन म्हनंल?

तुमाला हक्क पायजे कशाला त्ये मला कळलं हाय, मास्तर. हक्क आसला की मानसाला बोलावं लागत नाय. दरसाल इचारलं की दरसाल व्हय म्हनता येतं. दोन घरची मानसं बांधावर भेटतात, खोबरं खातात, कुनाची गाय याली, कुनाचा बाप गेला त्ये कळतं. तुमी चिटनीस झालात, तुमाला ह्यातलं काय नको. तुमाला वाट पायजे, वाटंवरचं मानूस नको.

माझ्या खोकल्याची काळजी करू नका. खोकला तुमाला हाय, आनंदीबायनी सांगितलं.

सून हितं बसून ह्ये लिवते. मी तिला इचारलं, तुजा बाप आसा कसा गं? ती म्हनली, "आबांचं सगळं बरोबर असतं. म्हणून तर त्यांच्यापुढं कोणी बोलत नाही." ह्येबी लिव म्हनलो. लिवत नव्हती. मी म्हनलो, मी सांगनारा, तू लिवनारी, लिव.

वरीस झालं तिला आमच्या घरी येऊन. सहदेव मुंबैला गिरनीत, घरात आमी दोन म्हातारी. तुमी मला चार पानं लिवता, तिला चार अक्षरं नाय. हल्ली ती रोज सकाळी आमच्या खळ्यात असती. काय करती त्ये तुमाला सांगायला मी बांधलेला नाय.

मृगाच्या आदल्या दिशी बांधावर काट्या पडतील. नारळ आला तर निगतील.

धाकलू चांगो घरत, अंगठा.
(सांगितले तसे लिहिले. सुं.)


दहिवली
२१ मे १९४५

रा. रा. धाकलू चांगो घरत यांस,

आपल्या पत्राच्या डाव्या समासात काळ्या तेलाचा अंगठा उमटला आहे. तो आपला नव्हे. आपला अंगठा खाली, सहीच्या जागी, शाईचा आहे. फायनल परीक्षा उत्तीर्ण झालेल्या शिक्षिकेकडून आपण सकाळी सकाळी खळ्यात काय काम करून घेता, ते त्या डागावरून मला कळले. माझ्या शाळेत अशा हातांनी वहीला स्पर्श करू देत नसत. ज्या हातात खडू असावा त्या हाताची ही दशा आपण केलीत.

मी तिला स्वतंत्र पत्र लिहीत नाही याचे कारण उघड आहे. आपल्या घरात आलेले प्रत्येक पत्र मोठ्याने वाचले जाते.

आता मुख्य गोष्ट. नारळ येणार नाही. लोधिवलीकडील लोक कर्जतच्या वाटेचा उपयोग करतात, भाजी नि दूध स्टेशनवर पोहोचवतात आणि आमच्या लोकांना मात्र मृगापासून बांधावर काट्या. हे न्यायाचे नाही. म्हणून काल, २० मे रोजी, मंडळाने बोरीच्या खिंडीत, जेथे वाट दोन कातळांमधून जाते, तेथे सागाचा अडसर घालून कुलूप लावले आहे. किल्ली चिटणिसाकडे आहे. आपला बांध नारळाशिवाय खुला झाला असे आपण लेखी कळवाल त्या दिवशी कुलूप निघेल, त्याआधी नाही.

११ जून ही तारीख मला पाठ आहे. आपणांसही असावी. तिची नोकरी गेली तर ती कोणामुळे गेली हे तालुक्याला कळेल.

कळावे.
आ. रा. भोईर


लोधिवली
१९ जून १९४५

आबाजी मास्तर यांस धाकलू चांगो घरत याचा रामराम. लिहिणार खलील सायकलवाला, चौक.

मास्तर, सून आता लिवत नाय. म्हनून खलीलला बोलावला. त्याचं अक्षर तुमाला आवडनार नाय, मलाबी त्याची सायकल आवडत नाय, पन काम चालतं.

तुमचं अडसराचं पत्र पोचलं व्हतं. उत्तर दिलं नाय कारन द्यायजोगं काय नव्हतं.

शाळंचं जे झालं त्ये झालं. त्यावर परत लिवू नका. आनंदीबायना सांगा, सुंदरा जेवती खाती, काळजी नको.

माझ्याकडनं ह्ये शेवटचं.

धाकलू चांगो घरत, अंगठा.


दहिवली
२५ जून १९४५

धाकलू चांगो घरत यांस,

'शाळेचे जे झाले ते झाले' या वाक्यात कर्ता नाही, म्हणून तो मी पुरवतो. जे झाले ते आपण केलेत.

११ जून रोजी सकाळी साडेदहापासून मी शाळेच्या फाटकाशी उभा होतो. पाऊस होता. अकरा वाजले, घंटा झाली, हजेरीपत्रक आत गेले. सव्वाअकरा वाजता मुख्याध्यापिका बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, आत या, भिजताय. सुंदराबाई आज येणार नाहीत असं दिसतंय." मी आत गेलो नाही. दुपारी ती जागा पनवेलकडील एका बाईंना देण्यात आली.

सुंदरा पाच वर्षांची असताना मी तिला पाटीवर पहिले अक्षर काढून दिले. आमच्या जातीत मुलीला फायनलपर्यंत शिकवणारा या तालुक्यात मी पहिला. ज्याला स्वतःचे नाव लिहिता येत नाही अशा मनुष्याने एका सकाळीत ते सर्व बुडवले. काट्या घातल्यात, पुरल्या नाहीत, म्हणून तिला घरात बसवलेत, तेही पुरले नाही, म्हणून आता तिच्या हातातील लेखणी काढून घेतलीत आणि टायर चिकटवणाऱ्या मनुष्याकडून मला पत्रे पाठवता. तिने मला काही कळवू नये, हाच हेतू.

आपण लग्नात शब्द दिला होतात की सून शिकवील. तो शब्द आपण मोडलात. यापुढे आपल्या घराशी माझा संबंध पत्रापुरताही नाही. फक्त एका गोष्टीचे उत्तर मला हवे आहे आणि तो माझा अधिकार आहे: ११ जून रोजी सकाळी सात ते अकरा माझी मुलगी कोठे होती?

आ. रा. भोईर


लोधिवली
४ जुलै १९४५

आबाजी मास्तर यांस धाकलू चांगो घरत याचा रामराम. लिहिणार खलील.

ह्या खेपेला तुमचं पत्र खलीलनं वाचलं. सून दाराआड उभी ऱ्हाऊन ऐकत व्हती. निम्म्यातनं मागल्या पडवीत गेली. बरं वाटलं आसंल तुमाला.

माझं नाव मला लिवता येत नाय, खरं हाय. पन दिलेला शब्द ध्यानात ठेवायला अक्षर लागत नाय. कोन कुठं व्हतं त्ये मी सांगनार नाय. मी कुनाला तरी शब्द दिलाय, आनि तो तुमच्यासाठी मोडनार नाय. तुमी मला नाठाळ म्हना, आडमुठा म्हना. ऱ्हाव द्या.

धाकलू चांगो घरत, अंगठा.

मास्तरसाहेब, याच्या खालचं मी माझ्या मनानं लिहितो. दादांना हे वाचून दाखवलेलं नाही.

तुम्ही चौकाच्या शाळेत होता तेव्हा मी तिसरीत होतो. खलील इब्राहिम, मागच्या रांगेत. तुम्ही म्हणायचात, अर्धी हकीकत ही खोटी हकीकत. छडीसकट सांगायचात म्हणून लक्षात आहे. तेव्हा पुरी सांगतो.

सुंदराताईंना सायकल येत नव्हती. दोन मोडक्या सायकलींची एक करून मी फाल्गुनात दादांच्या खळ्यात आणून दिली. दादांनीच सांगितलं होतं. मला दुकान, मी रोज येऊ शकत नव्हतो, म्हणून दादा स्वतः सीट धरून मागं धावायचे. साठीचा माणूस, धोतर वर खोचून. सोनाबाई ओट्यावरून ओरडायच्या, "अगं पडशील गं! आन तुमी, तुमी तरी म्हातारपनाला जपा!" दादा म्हणायचे, "तिला शाळंत वेळेवर जायचं हाय, तू गप." चेन सारखी निघायची. ताई स्वतः बसवायच्या. तुम्ही तेलाच्या डागाचं लिहिलंत ना, ते चेनचं तेल होतं. तो मजकूर वाचताना ताई हसल्या होत्या.

१० जूनला, रविवारी दुपारी, दादांनी बांधावरच्या काट्या काढल्या. मी तिथं होतो. घरातला नारळ आणला, बांधावर ठेवला, म्हणाले, "ह्यो आबाजी मास्तरचा." नि फोडला. तुमची अर्धी कवड फडक्यात बांधून शिंक्यात ठेवली. मी म्हटलं, दादा, त्यांनी कुठं ठेवला? तर म्हणाले, "त्यो ठेवनार नाय, मी थांबनार नाय, मंग पोरीनं काय करायचं?"

मी खिंडीतल्या कुलपाचा विषय काढला. दादा म्हणाले, मी दहिवलीला जाऊन मास्तरांना सांगतो. ताईंनी त्यांना जाऊ दिलं नाही. म्हणाल्या, "मामंजी, तुम्ही नका जाऊ, तुमचा अपमान करतील. आणि गरज नाही. आबा अकरा जून विसरणार नाहीत. शाळेच्या दिवशी कुलूप काढलेलं असेल."

सोमवारी सकाळी सात वाजता निघाल्या. आठाच्या सुमारास खिंडीत पोचल्या. कुलूप होतं. खालून जायला जागा नाही, तुम्ही दोन्ही बाजूंना काट्या कोंबल्या आहेत. त्यांनी सायकल अडसरावरून पलीकडे ढकलली, मग स्वतः चढल्या. सागाचं लाकूड ओलं, कातळावर शेवाळ. उजव्या हातावर पडल्या. वरच्या वाडीची बायजा मोळी घेऊन उतरत होती, तिला त्या तिथं बसलेल्या दिसल्या. म्हणाली, "बाय, दहिवली लांब हाय नि तुजा हात लटकलाय, मागं चल." तिनं परत आणलं. मनगट मोडलं होतं. हाडवैद्यानं बांबूच्या पट्ट्या बांधल्यात. म्हणून लिहीत नाहीत. अजून महिनाभर लिहिणार नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी दादांकडून शब्द घेतला. कुलपाचं आबांना कळू द्यायचं नाही. "त्यांना कळलं तर ते जेवणार नाहीत," असं म्हणाल्या.

मी शब्द दिलेला नाही. म्हणून लिहिलं. शुद्धलेखन तपासून घ्या.

खलील


दहिवली
१५ जुलै १९४५

रा. रा. धाकलू चांगो घरत यांस आबाजी राघो भोईर याचा रामराम.

हे पत्र खलीलने वाचून दाखवावे. मजकूर गाळू नये.

आपल्या ४ जुलैच्या पत्राखाली खलीलने जे लिहिले त्यात शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत. हकीकतीची एकही नाही. मी खिंडीत जाऊन पाहिले. अडसराच्या पलीकडे, पळसाच्या झुडपात, सायकल पडलेली होती. चेन निघालेली होती. मला ती बसवता आली नाही.

आपल्याशी माझे मतभेद आहेत आणि ते राहतील. वाट सार्वजनिक असावी हे माझे मत बदललेले नाही. माझ्या नावाने नारळ ठेवण्याचा आपणांस अधिकार नव्हता. माझ्या वतीने कोणी काही मागावे हे मला पूर्वी मान्य नव्हते, आजही नाही. माझ्या पाठीमागे मजवर उपकार करणे हाही एक उद्धटपणाच होय, आणि तो आपण केलात. तथापि मी आजवर पाठविलेल्या पत्रांत ज्या तारखा व जी विधाने चुकीची गेली, ती चिटणीस या नात्याने दुरुस्त करणे माझे काम आहे. दुरुस्त्या अशा:

३ फेब्रुवारी १९४५. मुरूम टाकला. आपण 'नको' म्हणाला नाहीत, असे मी लिहिले. आपण 'पेरणीपर्यंत' म्हणाला होतात. मी ते ऐकले होते आणि मंडळाच्या वहीत लिहिले नाही.

१२ मार्च. वाटेचा सौ. सुंदरेशी संबंध नाही, असे मी लिहिले. ठरावाचा मसुदा मी तिच्या लग्नानंतर नवव्या दिवशी केला.

२० मे. 'मंडळाने' अडसर घातला, असे मी लिहिले. मे महिन्यात मंडळाची सभा झाली नाही. अडसर मी घातला. सुताराला मी बोलावले, कुलूप माझ्या पेटीचे आहे.

२१ मे. तेलाच्या डागाविषयीचा परिच्छेद संपूर्ण रद्द.

१० जून. या तारखेपासून लोधिवलीचा बांध खुला आहे. त्यानंतर वाट बंद होती ती फक्त कर्जतच्या बाजूने.

११ जून. सौ. सुंदरा शाळेस निघालीच नाही, असे मी धरून चाललो. ती निघाली होती व आठ वाजता खिंडीत होती. मी साडेदहा वाजता शाळेच्या फाटकाशी उभा होतो. किल्ली माझ्या कोटाच्या खिशात होती. मी तिच्यावरून हात फिरवीत उभा होतो. आपण शरण यावे याची वाट पाहत होतो.

२५ जून. आपण शब्द मोडलात, असे मी लिहिले. आपण मोडला नाहीत.

१० जुलै. शाळा कमिटीस मी लेखी कळविले की शिक्षिका गैरहजर नव्हती, तिला वाटेत अडविले गेले, आणि अडविणारा अर्जदार स्वतः आहे. जागा दिवाळीपर्यंत भरलेली आहे, पुढे विचार होईल, असे उत्तर आले. 'विचार होईल' याचा अर्थ मी तीस वर्षे मुख्याध्यापक असल्याने जाणतो. खोटी आशा देत नाही.

१४ जुलै. अडसर काढला. सागाचे लाकूड आपल्या बांधाच्या सांडीवर, म्हणजे जादा पाणी सोडण्याच्या जागी, घालण्यास उपयोगी पडेल, पाठवीत आहे.

१५ जुलै, म्हणजे आज. सौ. आनंदीबाईंनी सोललेला नारळ घेऊन मी सायंकाळपर्यंत आपल्या बांधावर पोहोचेन. मला सायकल येत नाही. चालत येत आहे. हे पत्र टपालवाल्याबरोबर सायकलने पुढे पाठवतो, ते माझ्या आधी पोहोचेल. मृग होऊन गेला आहे, म्हणजे नारळास उशीर झाला आहे. फोडावा किंवा न फोडावा, हे मालकाने ठरवावे.

एक तारीख आणखी आहे. सौ. सुंदरेस मी लग्नानंतर पहिले पत्र कधी लिहिले: आज. ते बंद पाकिटात सोबत आहे. ते तिच्या हाती द्यावे आणि मोठ्याने वाचण्यास सांगू नये. पट्ट्या सुटल्यावर ज्या दिवशी ती मला स्वतःच्या मनचे पत्र लिहील, त्या तारखेची जागा मी वहीत कोरी सोडली आहे.

आबाजी